हलका ठोका

भांड्यावर नाव असतं ते घेणाऱ्याचं.
'चि. सौ. कां. यमुना हिस, मामाकडून'
काठाखाली, ठिपक्याठिपक्यांनी.
घडवणारा कुठेच नसतो.

तरी मी ओळखते त्याला.
बुधवारी गोदाघाटावर बाजार भरतो, तिथे
जुन्या तांब्यापितळेच्या ढिगात हात घातला
की बोटांना आधी कळतं,
डोळे मागून येतात.

नथू भिकाजी.
एवढंच सापडलं, भांडी बाजारातल्या एका चोपडीत:
'नथू. घागरी अकरा, बंब दोन. उचल सहा रुपये.'
पुढच्या पानावर वाळवी.
तांबट लेनमधले रखमाजीबाबा म्हणाले,
तिरसट होता म्हणे, कुणी फार बोलू नये असा.
आणि मग त्यांना चहाची आठवण झाली.

घागरीच्या पोटावरून मठार फिरत जाते,
माशाच्या खवल्यांसारखी, ओळीमागे ओळ,
आणि प्रत्येक फेऱ्यात
एका जागी
एक ठोका हलका.
चुकलेला नाही. हलका.
जसं बोलता बोलता कुणी
एक शब्द नुसता ओठांनी म्हणावा.

मी काय काय मानलं त्याचं!
ही त्याची सही.
हा त्याचा श्वास.
रामकुंडावर घंटा वाजायची, तेव्हा मान वळायची.
किंवा समोरच्या दारात कुणी उभी राहायची
(हे मी कुणाला सांगितलं नाही).

लेनमध्ये मला खरवईपाशी बसू दिलं
तेव्हा बायका कामं टाकून बघत राहिल्या.
नऊ वर्षं बसले.
तो हलका ठोका मी घोटला, मोजला,
माझ्या पत्र्यांवर उतरवला.
ते पत्रे दिल्लीला लागले, एका हॉटेलच्या भिंतीवरही.
कुणीतरी लिहिलं: संयमाचं सौंदर्य.
मकरंद म्हणाला, घरात आता चालायला जागा ठेव.

एकदा पोचायला उशीर झाला.
मोडवाल्याच्या दारात त्याचा बंब
घण घालून चपटा केलेला, काट्यावर.
मी मठारीवर हात ठेवून उभी.
मॅडम, तो म्हणाला,
तांबं ते तांबंच.

मग या चैत्रात माझा उजवा खांदा धरला.
गंगापूर रोडचे डॉक्टर म्हणाले, हातोडी बंद.
मी ऐकलं नाही, एक कळशी अर्धी होती.
हात वर गेला,
एका ठरावीक उंचीवर कळ आली,
आणि ठोका पडला, पण पडायचा तसा नाही.
पुढच्या फेऱ्यात पुन्हा तिथेच.
काम थांबवून बोट फिरवलं.

तोच.
मी न घोटता आलेला.

म्हणजे नऊ वर्षं
मी एका माणसाच्या दुखण्याची नक्कल करत होते
आणि तिला शैली म्हणत होते.

घरी एक घागर आहे, दाराशी.
सगळे ठोके एकसारखे, भरलेले,
म्हणून मी ती त्याची मानली नव्हती;
छत्र्या ठेवायला दिली होती.
त्या रात्री छत्र्या काढून फरशीवर टाकल्या,
घागर मांडीवर घेतली.
वाकून, बोटाने, सगळे फेरे.
कुठेच कळ नाही.
त्याची असेल, पंचविशीतली.
कुणाचीही असेल.

आता रोज सकाळी गच्चीवर
त्याचा बंब पेटवते. उरलाय तो एकच.
खालून जरा गळतो.
पाणी कढत झालं की टॉवेल बुडवते, पिळते,
खांदा शेकत बसते
सूर्य पाण्याच्या टाक्यांवर येईपर्यंत.

तो कशाने शेकत असेल?
त्याचे बंब तर
विकले जायचे.